‘सायको’ : सगळं आधीच माहीत होतं, तरीही…

अर्धविराम:

आधीच सांगून ठेवते, खाली रहस्यभेद आहे आणि तोही पूर्ण. ज्यांनी ‘सायको’ पाहिलेला नाही आणि ज्यांना त्याचा शेवट अजून कुणी सांगितलेला नाही, त्यांनी कृपया इथूनच मागे फिरावं आणि आधी चित्रपट पाहावा. असे प्रेक्षक आता फार थोडे उरलेत.

मी त्यातली नव्हते. शॉवरखालचा खून, पडद्याआडची सावली, ती किंचाळणारी व्हायोलिनं आणि वरच्या घरातली ‘आई’ म्हणजे नेमकं कोण, हे सगळं मला चित्रपट पाहण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. हिचकॉकचा हा चित्रपट १९६० सालचा. त्यातल्या त्या जेमतेम ४५ सेकंदांच्या खुनावर इतकं लिहिलं-बोललं गेलंय की न पाहताच तो प्रसंग पाठ झालेला असतो. त्यामुळे बघायला बसले ती एक नावाजलेली कलाकृती बघायची म्हणून. घाबरायला उरलंय काय, असं वाटत होतं.

शॉवरच्या प्रसंगाने मी हलले, पण तो येणार हे धरून बसले होते. घाबरले ते त्यानंतर. आणि त्या जागेबद्दल मला कुणीच सांगून ठेवलं नव्हतं.

नायिका मॅरियन मेलेली आहे. ती जिथे उतरली ते मोटेल चालवणारा नॉर्मन बेट्स घरातून धावत येतो, बाथरूममध्ये बघतो आणि तोंडावर हात दाबून मागे सरकतो. भिंतीवरचं पक्ष्याचं चित्र खाली पडतं. मग तो हळूहळू सावरतो आणि साफसफाईला लागतो. बादली आणतो, मॉप आणतो. प्रेत शॉवरच्या पडद्यावर ओढून घेतो. हात धुतो. टब पुसतो, फरशी पुसतो. एक शब्द बोललेला नाही. हे दोन शॉटमध्ये उरकता आलं असतं, पण हिचकॉक आपल्याला तिथून उठू देत नाही. माणूस घर आवरतो तसा नॉर्मन खून आवरतो आणि आपण शेजारी उभे राहून बघतो.

बघतो म्हणजे काय, मी चक्क त्याचं काम तपासत होते. कोपऱ्यात डाग राहिला का, तिची चप्पल राहिली का, बॅग उचलली का. पलंगाशेजारी टेबलावर ते वर्तमानपत्र पडलंय. त्यात मॅरियनने पळवलेले पैसे गुंडाळलेत. हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. तो सगळं भरतो, दिवा घालवायच्या बेताला येतो, आणि माझ्या मनात एकच धोशा : अरे, वर्तमानपत्र राहिलं! मग त्याचं लक्ष जातं. तो ते उचलतो आणि आत काय आहे हे न बघता गाडीच्या डिकीत, प्रेताशेजारी फेकतो. मला हायसं वाटलं. हायसं!

त्यानंतर दलदल. तिची गाडी तो आत ढकलतो आणि काठावर उभा राहून काहीतरी चघळत बघत बसतो. गाडी खाली जाते, जाते, आणि थांबते. टप वर दिसतोय. नॉर्मनचं चघळणं थांबतं, तो इकडेतिकडे बघतो. त्या क्षणी माझा श्वास अडकला तो गाडी बुडेना म्हणून. ‘बुड गं बाई एकदाची,’ हे मी मनात म्हटलं. मग बुडबुडे येतात, गाडी गडप होते, त्याच्या चेहऱ्यावर समाधान येतं आणि मी खुर्चीत मागे टेकले.

आता १९६० सालच्या प्रेक्षकाचं एक समजू शकते. त्याच्या लेखी नॉर्मन हा वेड्या आईचा गुन्हा पोटात घालणारा बिचारा मुलगा होता. त्याची दया येणं साहजिक होतं. पण मला तर ठाऊक होतं! आई कधीच मेलेली आहे आणि तिच्या वेशात सुरा धरणारा हात त्याचाच होता हे माहीत असूनही मी त्याच्या बाजूने होते. जिच्याबरोबर पाऊण तास प्रवास केला, जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, त्या मॅरियनचं प्रेत त्या डिकीत आहे आणि मी ते लवकर बुडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेय. या चित्रपटाने मला घाबरवलं ते असं.

हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत धक्का आणि ताण यातला फरक सांगितलाय, तो पुष्कळांना माहीत असेल. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाचा धक्का १५ सेकंदांचा. माहीत असेल तर त्याच साध्यासुध्या गप्पा १५ मिनिटं जीव खातात. ‘सायको’त दोन्ही आहेत. धक्का मला मिळाला नाही, तो आधीच कुणीतरी खाऊन टाकला होता. ताण मात्र जसाच्या तसा शिल्लक होता. माझं म्हणणं असं की रहस्य फुटल्याने या चित्रपटाचं फारसं काही बिघडत नाही, कारण त्याचं खरं हत्यार रहस्य नाहीच. तो आपल्याला कुणाच्या बाजूला नेऊन उभं करतो, हे आहे.

तुमच्यापैकी कितीजणांनी तो सगळं माहीत असताना पाहिला? काय झालं तेव्हा?

---

रातवा:

सुंदर लिहिलंयस. त्या वर्तमानपत्राबद्दल पूर्ण सहमत, आणि त्यात थोडी भर घालतो.

खून झाल्यावर कॅमेरा काय करतो बघ. मॅरियनच्या निश्चल डोळ्यावरून निघतो, बाथरूममधून बाहेर येतो, आणि थेट त्या वर्तमानपत्रापाशी जाऊन थांबतो. मग खिडकीतून वरचं घर. म्हणजे हिचकॉक आपल्याला आठवण करून देतोय : पैसे इथेच आहेत बरं का. इतका वेळ चित्रपट त्या ४०,००० डॉलर्सचाच तर होता. फीनिक्समधली कचेरी, तो पैशांचा माज असलेला गिऱ्हाईक, चौकात गाडीसमोरून जाणारा मालक, काळा चष्मा लावलेला पोलीस, घाईघाईने वर ७०० डॉलर्स मोजून बदललेली गाडी. आणि एका झटक्यात त्या पैशांची किंमत शून्य. खुन्याला ते नकोत, त्याला ते असल्याचं माहीतही नाही. रद्दी म्हणून डिकीत गेले.

मला तर वाटतं नॉर्मनच्या बाजूने उभं राहायची तालीम आपली तिथूनच झालेली असते. मॅरियन चोर आहे, तरी तो पोलीस खिडकीवर टकटक करतो तेव्हा ती सुटावी असंच वाटतं ना? गुन्हा लपवणाऱ्याच्या बाजूने घाबरायची सवय हिचकॉकने आपल्याला आधीच लावलेली असते. पुढे फक्त माणूस बदलतो.

---

कोरा कागद:

मी त्या भाग्यवंतांपैकी. मला काहीही माहीत नव्हतं. नायिका शॉवरखाली मरते तेव्हा मी कितीतरी वेळ वाट बघत होते की ती उठेल. जॅनेट ली एवढी मोठी नटी, पोस्टरवर तिचं चित्र, ती अशी मध्येच कशी मरेल? ती खरंच गेली हे मला गाडी बुडाली तेव्हा पटलं.

त्यामुळे अर्धविराम, तू म्हणतेस ते अर्धंच मान्य. धक्का गेला म्हणून काही बिघडत नाही, असं नाही. त्या धक्क्याने पायाखालची जमीन जाते, आणि धरायला जो हात समोर येतो तो नॉर्मनचा असतो. मी त्याच्या बाजूला गेले कारण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. तुला तो आधार शोधायची गरज पडली नाही, तरी तू गेलीस. ते का, हे मला खरोखर कळून घ्यायचंय.

---

जुना प्रोजेक्टर:

कोरा कागद, तुमचा मुद्दा हिचकॉकला पुरेपूर ठाऊक होता. म्हणून तर खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम त्याने थिएटरांना घालून दिला. उशिरा येणारा प्रेक्षक जॅनेट ली कधी येते याची वाट बघत बसला असता, आणि ती तर तोवर मेलेली असती. त्या काळी तिकडे लोक चित्रपट अर्ध्यातून बघायला येत आणि सुटलेला भाग पुढच्या खेळाला बघून जात. ती सवय या एका चित्रपटापुरती त्याने मोडून काढली.

बाकी पैशांच्या बाबतीत हा चित्रपट म्हणजे जुगारच होता. पॅरामाउंटला विषय पसंत नव्हता. हिचकॉकने आपल्या टीव्ही मालिकेची माणसं घेतली, कृष्णधवल फिल्म घेतली आणि जवळपास ८ लाख डॉलर्समध्ये काम संपवलं. स्वतःचं मानधन बाजूला ठेवून त्याबदली चित्रपटातला मोठा हिस्सा घेतला. पुढे त्याच हिश्श्याने त्याला मालामाल केलं.

---

सूरपेटी:

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

शॉवरच्या प्रसंगाला संगीत नकोच, असं हिचकॉकचं आधी मत होतं. फक्त पाणी, किंकाळ्या आणि सुरा. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही संगीत लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने आपला आग्रह सोडला. संपूर्ण चित्रपटात हरमनने फक्त तंतुवाद्यं वापरली आहेत. ना ढोल, ना पितळी वाद्यं, ना बासरीचा सूर. चित्राला रंग नाही, तर संगीतालाही एकच रंग, असा त्याचा विचार होता.

एक प्रयोग करून बघा. तो प्रसंग आवाज बंद करून बघा. कितीतरी सौम्य वाटतो. सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. हात, पाणी, पोट, टाइल्स, तोंड, पुन्हा पाणी, असे तुकडे आहेत, आणि ते एकमेकांना जोडायचं काम आपलं डोकं करतं. चित्रण आठवडाभर चाललं होतं. ७८ वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले शॉट आणि ५२ कट, हे आकडे तर प्रसिद्धच आहेत, त्यावरून एका माहितीपटाला नावही पडलंय. रक्त म्हणून चॉकलेट सिरप, कृष्णधवलात ते बरोबर रक्तासारखं दिसतं. सुऱ्याच्या घावांचा आवाज खरबुजात सुरा खुपसून काढलेला.

आता उलट करा. चित्र बघू नका, फक्त ऐका. मला विचाराल तर हे जास्त भयंकर. व्हायोलिनं थांबतात, खालचे जड स्वर उरतात, आणि मग पडद्याच्या कड्या. मॅरियन पडदा धरते आणि तिच्या वजनाने एकेक कडी तुटत जाते. त्या कड्यांचा तो तड-तड आवाज. नंतर नुसतं पाणी.

---

अर्धविराम:

सूरपेटी, कड्यांचा उल्लेख केलात ते फार बरं झालं. किंकाळीपेक्षा तोच आवाज डोक्यात राहिलाय.

कोरा कागद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी मोटेलच्या ऑफिसमागच्या त्या छोट्या खोलीतला प्रसंग पुन्हा पाहिला. खुनाच्या आधी मॅरियन आणि नॉर्मन बोलत बसतात तो. भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी. घुबड तर पंख पसरून झडपच घालतंय. ती जेवतेय, तो नुसता बघतोय. आणि तो गोड आहे! अडखळतो, लाजतो, पक्ष्यांबद्दल बोलताना खुलतो. प्रत्येकजण आपापल्या सापळ्यात अडकलेला असतो, असं म्हणतो, आणि ते ऐकता ऐकता मॅरियनला स्वतःचा सापळा दिसतो. ती ठरवते, परत जायचं, पैसे द्यायचे. खोलीत जाऊन हिशेब मांडते, ४०,००० मधून ७०० वजा. कागद फाडून टॉयलेटमध्ये टाकते आणि मग शॉवरखाली उभी राहते. पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झालेला दिसतो.

म्हणजे तिला शहाणपण सुचलं ते नॉर्मनमुळे. त्या पूर्ण चित्रपटात तिच्याशी मनापासून बोलणारा तो एकटाच माणूस आहे. प्रियकर सुद्धा पैशांचं आणि कर्जाचंच बोलत असतो. मला वाटतं, मी नॉर्मनच्या बाजूने गेले ती दलदलीच्या काठावर नाही, त्या खोलीत. ‘आईला कुठेतरी ठेवत का नाही,’ असं ती विचारते आणि तो पुढे झुकतो, आवाज थंड होतो, तेव्हा तो कोण आहे हे मला लख्ख माहीत होतं. तरी ती त्याला नको ते बोलली, असंच वाटलं.

---

पानवाचक:

इथे पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ सालच्या कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, लठ्ठ, चश्मा लावणारा आणि दारू पिणारा माणूस आहे. वाचताना पहिल्या पानापासून त्याच्याबद्दल शिसारी येते. हिचकॉक आणि पटकथाकार जोसेफ स्टेफानो यांनी तो माणूस काढून टाकला आणि त्या जागी अँथनी पर्किन्सला बसवलं. तरुण, सडपातळ, देखणा, शेजारच्या घरातला वाटावा असा.

अर्धविराम, तुमच्या प्रश्नाची कसोटी यातच आहे. कादंबरीतला नॉर्मन काठावर उभा असता तर ती गाडी बुडावी असं तुम्हाला वाटलं असतं का? मला नसतं वाटलं. म्हणजे आपल्याला कुणाची कणव यावी हे त्याच्या कृत्यावर नाही, तर त्याच्या चेहऱ्यावर आणि अडखळत्या बोलण्यावर ठरलं. हे पटल्यावर मी पर्किन्सचं प्रत्येक हसू दोनदा तपासायला लागलो.

आणि गोष्टीची सुरुवातही कादंबरीत नॉर्मनपासून होते. चित्रपटात तो भेटेपर्यंत जवळजवळ अर्धा तास जातो. मॅरियनची गोष्ट म्हणून आपण बसतो आणि ती त्याची निघते.

---

पायरी:

माझ्यासाठी जिना. मॅरियनचा शोध घेणारा डिटेक्टिव्ह आर्बोगास्ट नॉर्मनच्या घरात वर जातो तो जिना.

तो टोपी काढून हातात घेतो आणि सावकाश एकेक पायरी चढतो. वर दाराची फट उघडते, उजेडाची एक रेघ गालिच्यावर पडते. आणि मग एकदम कॅमेरा छताला! वरून खाली बघतोय. आई बाहेर येते ती डोक्याच्या बाजूने दिसते. हिचकॉकला तिचा चेहरा दाखवायचा नव्हता, पण चेहरा लपवतोय असं प्रेक्षकाला वाटूही द्यायचं नव्हतं. पाठमोरी दाखवली असती तर लगेच संशय आला असता. म्हणून इतक्या उंचावरून, सगळं उघडं दाखवतोय अशा थाटात. आणि तिथून धाडकन आर्बोगास्टच्या चेहऱ्यावर.

कारण माहीत झाल्यावर मी तो प्रसंग अनेकदा पाहिला. तरी कॅमेरा वर गेला की माझे खांदे आखडतात. त्यामुळे अर्धविरामशी शंभर टक्के सहमत. रहस्यच काय, युक्तीसुद्धा माहीत आहे, पण भीती तिथल्या तिथेच.

---

तिसरी घंटा:

सगळे स्तुती करताहेत तर मी मतभेद नोंदवते. शेवटी तो मानसोपचारतज्ज्ञ येऊन जे भाषण ठोकतो ते मला सहन होत नाही. इतका वेळ जे आपण स्वतः जगलो ते हा गृहस्थ खोलीत उभं राहून समजावून सांगतो. आई अशी, मुलगा असा, मत्सर असा, अर्धं मन याचं, अर्धं तिचं. एवढा धीट चित्रपट शेवटच्या दहा मिनिटांत घाबरतो असं वाटतं.

---

जुना प्रोजेक्टर:

तिसरी घंटा, तुमचा वैताग समजतो, पण साल लक्षात घ्या. १९६० सालच्या सामान्य प्रेक्षकाला हा प्रकार कळायला कुणीतरी सांगणं भाग होतं. नाहीतर लोक तळघरातला तो सांगाडा आणि विगमधला नॉर्मन बघून गोंधळून बाहेर पडले असते.

---

रातवा:

मी थोडं वेगळं वाचतो ते भाषण. तज्ज्ञ मोठ्या आत्मविश्वासाने सगळं सुटं करून मांडतो. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं, चला, कळलं एकदाचं. आणि लगेच पुढचं दृश्य : रिकामी भिंत, अंगावर ब्लँकेट घेऊन बसलेला नॉर्मन, आणि डोक्यात आईचा आवाज. हातावर माशी बसते. तो तिला मारत नाही. बघणाऱ्यांना कळू दे, ही बाई माशीसुद्धा मारत नाही. मग तो मान वर करून थेट आपल्याकडे बघतो आणि हसतो. क्षणभर त्या चेहऱ्यावर कवटीचे दात उमटतात.

त्या हसण्यापुढे भाषण पोकळ ठरतं, आणि मला वाटतं ते मुद्दाम पोकळ ठरवलंय. नाव देता आलं म्हणजे माणूस कळला असं नाही.

---

सावली हवी:

मी बहुतेक वेळा फक्त वाचते, पण या भाषणाच्या विषयावर लिहायचं आहे.

माझ्या अगदी जवळच्या माणसाला गंभीर मानसिक आजार आहे. भ्रम होतात, आवाज ऐकू येतात. औषधं चालू आहेत, कामावर जातो, भांडी घासतो, माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो. त्याला कुणाची भीती वाटावी असं त्यात काहीही नाही, उलट लोकांचीच भीती त्याला वाटते. ‘सायको’ हा शब्द लोक ज्या सहजपणे तोंडावर फेकतात तो याच चित्रपटाने घरोघरी पोचवला. वेडा म्हणजे खुनी, गोड बोलणारा असेल तर जास्तच सावध राहा, हे समीकरण पुढच्या कितीतरी भयपटांनी यातूनच उचललं.

चित्रपट मी पाहिलाय. तो थोर आहे हेही मानते. दलदलीच्या काठावर मलाही नॉर्मनबद्दल वाईटच वाटलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचंय की कणव येते ती तो खुनी आहे हे कळेपर्यंत टिकते आणि शेवटी तो ब्लँकेटमधला राक्षस होऊन जातो. माझ्यासाठी तो चित्रपट तिथे नॉर्मनला सोडून देतो. माशीचं दृश्य लोकांना अंगावर काटा आणतं, मला तिथे रडू आलं. आतला मुलगा कुठे गेला, हे कुणी विचारतच नाही.

---

अर्धविराम:

सावली हवी, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

तुमचं वाचल्यावर शेवट पुन्हा पाहिला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. शेवटी जो आवाज आहे तो पूर्णपणे आईचा आहे, नॉर्मनचं एकही वाक्य नाही. ती सगळा दोष मुलावर ढकलते आणि त्याला बोलायलाही शिल्लक ठेवत नाही. खून झालेल्यांच्या यादीत त्याचंही नाव घालावं असं मला वाटलं. आणि रातवा म्हणतो त्या पोकळ भाषणातही तज्ज्ञ हेच सांगतो की नॉर्मन आता उरलेला नाही, फक्त आई आहे. हे वाक्य तो किती सहज बोलून जातो! खोलीतलं कुणी हळहळत नाही.

मी त्याच्या बाजूला का गेले याचं मला आजवर सुचलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तुमच्या प्रतिसादात मिळालं. काठावर उभा असलेला तो मुलगा खरा होता. आई खोटी होती.

---

पायरी:

+१. या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद, सावली हवी.

---

नवा चश्मा:

१९९८ सालचा रंगीत रिमेक कुणी पाहिलाय का? जवळपास शॉटला शॉट तोच आहे, संवादही बरेचसे तेच, हरमनचं संगीतही घेतलंय. मी आधी तोच पाहिला होता आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. मूळ पाहिल्यावर थक्क झाले. एवढं सगळं सारखं असून असं का व्हावं?

---

सूरपेटी:

नवा चश्मा, माझ्या मते उत्तर वर पानवाचक यांनी दिलंय. शॉट उतरवता येतात, पर्किन्स उतरवता येत नाही. रिमेकमधला नॉर्मन पहिल्या भेटीतच विचित्र वाटतो. मग मॅरियन तिथे जेवायला का बसते हाच प्रश्न पडतो आणि गाडी बुडो न बुडो, आपल्याला फरक पडत नाही. शिवाय रंगातलं रक्त बघायला आपले डोळे सरावलेत. काळ्या-पांढऱ्यात ते पाण्याबरोबर जाळीकडे वाहत जातं तेव्हा त्याचा रंग आपणच भरतो.

---

कोरा कागद:

अर्धविराम, आता माझी एक विनंती. तू सगळं माहीत असताना पाहिलास आणि ताण कसा टिकतो ते सांगितलंस. आता उलट बाजूने एक पाहा. ‘ले दियाबोलिक’, १९५५ सालचा फ्रेंच चित्रपट, दिग्दर्शक आन्री-जॉर्ज क्लूझो. ज्या लेखकजोडीच्या कादंबरीवर तो आहे, त्यांच्याच दुसऱ्या कादंबरीवर हिचकॉकने ‘व्हर्टिगो’ केला. यातही एक बाथरूम आहे, यातही एक प्रेत पाण्यात आहे. चित्रपट संपल्यावर पडद्यावर पाटीच येते की काय पाहिलंत ते मित्रांना सांगून त्यांची मजा घालवू नका. याबद्दल एक ओळही शोधू नकोस, पोस्टरसुद्धा बघू नकोस. सरळ लाव आणि बघ. मग इथे येऊन सांग, धक्का मोठा की ताण.

---

जुना प्रोजेक्टर:

चांगली सूचना. आणि तो झाल्यावर मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’. तोही १९६० सालचा, ‘सायको’च्या थोडा आधी आलेला. तिथेही खुनी लाजाळू, हळवा तरुण आहे आणि प्रेक्षकाला त्याच्या बाजूला ओढलंय. फरक असा की तिथे खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलंय. ब्रिटिश समीक्षकांनी त्याला इतकं झोडपलं की पॉवेलची कारकीर्द जवळजवळ बसली. सावली हवी यांनी जे विचारलंय, आतल्या मुलाचं काय झालं, तो प्रश्न त्या चित्रपटाने मात्र सोडलेला नाही. लहानपणी वडिलांनी त्याचं काय केलं ते स्पष्ट दाखवलंय.

---

सावली हवी:

‘पीपिंग टॉम’ लिहून घेतला. धन्यवाद.

---

अर्धविराम:

दोन्ही बघते. आधी ‘ले दियाबोलिक’. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना हात जोडून विनंती, मी पाहून येईपर्यंत या धाग्यावर त्याबद्दल चकार शब्द काढू नका. ‘सायको’बद्दल बोलायला हरकत नाही, विशेषतः मॅरियनची बहीण लायला घराकडे चढून जाते त्या प्रसंगाबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही.